तारण

लक्ष्मीपुरीतल्या पतसंस्थेत
आमच्या धोंडीदाच्या टेबलावर निळी पाटी:
सोने तारण विभाग.
काचेच्या पेटीत काटा, वाऱ्याने हलू नये म्हणून.
कसोटीचा दगड. लाखेची कांडी. मेणबत्तीचं बूड.

पहिल्यांदा त्याला म्हटलं,
दादा, तुझं तारण व्हावं, एवढंच मागते मी रोज,
तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून
"किती तोळं?" म्हणाला
आणि खोकला येईस्तोवर हसला.
मीही हसले.
मग मोरीत जाऊन नळ सोडला
आणि बादली भरून वाहिली तरी उभी राहिले.

त्याला अठरा वर्षं झाली.

वहीत नावं आहेत. धोंडीदा, वहिनी, दोन्ही पोरं,
आणि आमचा बाबू मामा, जो मागच्या श्रावणात गेला.
गेलेल्याच्या नावापुढे काय लिहायचं,
पाळकसाहेबांना विचारलं.
ते बराच वेळ खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बघत राहिले.
"ते त्याच्यावर सोडा, शालनताई."
सोडलं.
म्हणजे पानाचा कोपरा दुमडला.

रविवार माझ्या देवाचा. त्याच्याही.
मला चर्चच्या फाटकाशी उतरवून
तो तसाच जोतिबाच्या डोंगराला जातो.
"तू तुझ्या देवाला सांग, मी माझ्या.
एकाकडनं तरी काम हुईल की."
उपासना सुटते तेव्हा फाटकाशी स्कूटर,
कपाळ, कान, कॉलर गुलालात बुडालेली,
हातात माझ्यासाठी गरम भज्यांचा पुडा.
सीटवरचा गुलाल माझ्या पांढऱ्या साडीला लागतो.
मार्थाबाई बघतात, काही बोलत नाहीत,
पुढच्या रविवारी जरा लांब बसतात.

माघात त्याच्या छातीत कळ आली.
सीपीआरमध्ये चौदा नंबरची कॉट.
मी नर्स. मॉनिटरवरची रेघ मला वाचता येते,
पायाची नखं कधी निळी होतात तेही.
रात्री अडीचला त्याच्या कानाशी वाकले.
शब्द तयार होते, अठरा वर्षांचे,
पाठ, घासून गुळगुळीत.
आत्ता नाही तर कधी?

त्याने डोळे उघडले. माझं बोट धरलं.
"जेवलीस काय गं?"

मी सलाइनचे थेंब मोजत बसले, उजाडेपर्यंत.
त्या रात्रीबद्दल अजून क्षमा मागते,
कुणाची, ते नीट कळत नाही.

वहिनीने परवा सहज सांगितलं:
माझ्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची फी भरायची होती
त्याच महिन्यात लग्नातली अंगठी पंचगंगेत पडली ह्यांची.
मी त्याला गाठलं, कॅश मोजताना.
"नदीत न्हाई गं," नोटांवरची नजर न काढता म्हणाला,
"हितंच ठेवलीती. बावीसशे सतरा नंबरचं पाकीट.
मीच वजन केलं, मीच लाख लावली.
सोडवायची म्हणता म्हणता बुडाली."
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

प्रभू,
एवढ्याने होत नाही, मला ठाऊक आहे.
कर्मांनी नाही, हे मीच रविवारच्या शाळेत पोरांना शिकवते,
फळ्यावर लिहून, दोनदा म्हणून घेऊन.
मी वाद घालत नाही.
पण वधस्तंभाखाली डोकं टेकलं की
हल्ली मला लाखेचा वास येतो,
कुणीतरी आपलं आपणच वजन करून
दुसऱ्यासाठी ठेवून दिलेलं दिसतं,
आणि तोंडून नाव यायच्या आधी आकडा येतो.
बावीसशे सतरा.
तेवढा टिपून ठेव.

आज रविवार. गुलाबी साडी नेसलेय.
खालून हॉर्न, मग हाक:
"शालन, येतीस न्हवं?"

आलो आलो, म्हणते.
आज फाटकाशी सोडून जाऊ नको, आत ये,
हे जिन्याच्या वळणावर ओठांपर्यंत येतं.
चप्पल घालेपर्यंत
त्याने स्कूटर चालू केलेली असते.